पान पिवळे का पडले?

नागपूरची संत्री कोणाला ठाऊक नाहीत? हिवाळा सुरू झाला की कळमन्याच्या बाजारात नारिंगी रंगाचे ढीग उभे राहतात. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी या भागांतून गाड्या भरभरून फळे येतात आणि येथून ती देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसरे रघुजीराजे भोसले यांनी त्या वेळच्या औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणवून आपल्या बागेत लावली आणि तेथून हे झाड विदर्भात पसरले, असे सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु संत्र्याचे झाड केवळ मळ्यातच असते असे नाही. नागपुरातील जुन्या वाड्यांच्या परसात, बंगल्यांच्या कुंपणालगत, चाळीच्या मागील मोकळ्या जागेत एखादे संत्रे, मोसंबे किंवा कागदी लिंबू हटकून दिसते. घरातील कोणीतरी हौसेने रोप आणलेले असते. पाचसहा वर्षे सर्वांनी त्याला पाणी घातलेले असते. पहिली फळे लागतात तेव्हा ती आळीभर वाटली जातात. आणि मग एखाद्या वर्षी ते झाड पिवळे पडू लागते.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारचे काका म्हणतात, "अहो वहिनी, झाडाला पाणी कमी पडते आहे." समोरच्या आजी म्हणतात, "शेणखत घाला, दुसरे काही नको." तिसरा कोणी बाजारातून औषधाची बाटली आणून देतो. सर्वांचा हेतू चांगलाच असतो. पण या तिघांपैकी एकानेही पान हातात घेऊन पाहिलेले नसते! ताप आलेल्या माणसाला वैद्याने नाडी न पाहताच औषध दिले तर आपण त्याला काय म्हणू? ताप हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. पानाचा पिवळेपणाही तसाच आहे. तो दहा कारणांनी येतो आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला घातक ठरू शकतो.

आजारी पान ओळखावयाचे, तर आधी निरोगी पान नीट पाहिले पाहिजे. संत्र्याचे एक पूर्ण वाढलेले पान तोडून उजेडासमोर धरा. त्यात सुईच्या टोकाने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या होत. पान चुरगाळले की जो वास येतो, तो या तेलाचा. आता देठाकडे पाहा. देठ आणि पान यांच्यामध्ये एक बारीक सांधा आहे आणि देठाच्या दोन्ही कडांना अरुंद पंखासारखी पट्टी आहे. संत्र्यात ती जेमतेम दिसते. पपनसाच्या पानात मात्र ती एवढी रुंद असते की एका पानाला दुसरे छोटे पान जोडल्यासारखे वाटते.

हा वास लक्षात ठेवा. एक चमत्कारिक रोग केवळ त्यावरून ओळखता येतो. नागपूरकडील संत्र्याचे कलम बहुधा जंबेरी या रानटी, आंबट लिंबाच्या खुंटावर बांधलेले असते. मुळे जंबेरीची आणि वरचे झाड संत्र्याचे! कधीकधी कलमाच्या जोडाखालून एक जोमदार फुटवा निघतो. त्याची पाने टवटवीत, काटे लांब. झाडाचा सर्वांत निरोगी भाग तोच, असे आपल्याला वाटते आणि आपण त्याला जपतो. पण त्याचे पान चुरगाळून पाहा. वास संत्र्याचा नसून लिंबाचा येईल. खुंटाने आपलेच डोके वर काढलेले असते आणि वरच्या संत्र्याच्या वाट्याचे अन्न तो खात असतो. "आमच्या संत्र्याला पुढे आंबट लिंबे लागू लागली," असे सांगणारी माणसे भेटतात, त्यांच्या झाडाचे हेच झालेले असते. असा फुटवा दिसताच बुडापासून काढून टाकावा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पिवळे पान आजारी नसते. संत्रे हे सदाहरित झाड आहे. याचा अर्थ त्याची पाने कधीच गळत नाहीत असा नव्हे, तर ती सर्व एकदम गळत नाहीत एवढाच. एक पान साधारणपणे एक ते दोन वर्षे जगते. त्यानंतर ते पिवळे होऊन गळून पडते. फांदीच्या आतल्या बाजूची चारदोन जुनी पाने पिवळी पडली, तर काळजी करण्याचे कारण नाही. तसेच नवी पालवी फुटते तेव्हा ती कोवळी पाने फिकट पोपटी असतात. पंधरावीस दिवसांत ती गडद होतात. तेवढा धीर धरावयास हवा.

आता खरोखरीच काही बिघडले आहे असे दिसले, तर पहिला प्रश्न असा विचारावा: बिघाड पानावर आहे, की पानात आहे?

समजा, पाने काजळी फासल्यासारखी काळी झाली आहेत. बोट ओले करून पानावरून फिरवा. काळे बोटाला लागले आणि खालचे पान हिरवेगार निघाले, तर पान आजारी नाही. आता पान उलटे करा. खालच्या बाजूस मोहरीपेक्षाही लहान, काळे, चकचकीत ठिपके चिकटलेले दिसतील. ती काळ्या माशीची पिले होत. ती पानातील रस शोषतात आणि जास्तीचा गोड, चिकट द्राव अंगातून बाहेर टाकतात. तो द्राव खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्या गोडीवर काळी बुरशी वाढते. विदर्भातील बागाईतदार या रोगाला 'कोळशी' म्हणतात. नाव अगदी समर्पक आहे. काळी बुरशी पानाला खात नाही. पण तिच्या पडद्यामुळे पानाला उजेड मिळत नाही, आणि उजेड नाही तर अन्न नाही. झाडावर मुंग्यांची रांग लागलेली दिसली तरीही पान उलटून पाहावे, कारण मुंग्या बहुधा त्या गोडीसाठीच चढत असतात.

या काळ्या माशीचे मूळ घर आपल्या आशिया खंडातच आहे. विसाव्या शतकात ती मेक्सिकोत पोहोचली आणि तेथील बागांचा तिने फडशा पाडला. आपल्याकडे ती असूनही बागा टिकून होत्या, मग तिकडेच असे का व्हावे? शास्त्रज्ञांनी शोध केला. आपल्याकडे या माशीच्या पिलांत अंडी घालून त्यांना आतून पोखरणाऱ्या अगदी बारीक गांधीलमाश्या आहेत. मेक्सिकोत त्या नव्हत्या. १९५०च्या सुमारास भारत व पाकिस्तान येथून अशा गांधीलमाश्या तिकडे नेऊन सोडण्यात आल्या आणि काळ्या माशीला आळा बसला. परसातल्या एका झाडावर दिसेल ते जहाल औषध फवारणारा मनुष्य माशीबरोबर तिच्या शत्रूंनाही मारतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. परसात जोरदार पाण्याने पाने धुणे आणि फार किडलेल्या फांद्या छाटणे एवढ्यानेच पुष्कळ काम होते.

कोवळ्या पानावर चांदीसारख्या चकाकणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या, तर ती नागअळीची करामत आहे. ही अळी पानाच्या वरच्या पातळ सालीखाली शिरते आणि आतल्या आत खात पुढे सरकते. नागाच्या चालीसारखी तिची वाट पानावर उमटते. अशी पाने आकसून वळतात. ती दिसावयास वाईट दिसतात, पण मोठ्या झाडाचे त्यामुळे फारसे बिघडत नाही. लहान रोपाला मात्र जपावे लागते.

पानांच्या कडा कुरतडलेल्या असतील, तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसते का ते पाहा. त्याला काडीने हळूच स्पर्श करा. ती 'विष्ठा' एकाएकी डोके उंचावेल आणि मानेमागून लालसर, दुभंगलेले शिंग बाहेर काढील! त्या शिंगाला उग्र वासही येतो. ती लिंबावरील फुलपाखराची अळी. लहानपणी पक्ष्यांच्या नजरेतून सुटण्यासाठी ती विष्ठेचे सोंग घेते आणि मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. लिंबू, संत्रे, बेल आणि कढीलिंब ही सर्व एकाच कुळातील झाडे असल्यामुळे ती यांपैकी कोठेही आढळते. रोप लहान असेल तर अळ्या हातांनी वेचाव्यात. झाड मोठे असेल तर दोनचार अळ्यांना त्यांचे जेवण जेवू द्यावे. पुढे त्यांतून निघणारे काळ्यापिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू परसाची शोभाच वाढविते.

येथवरचे सारे सोपे होते. कीड डोळ्यांना दिसते. पण पानावर काहीच नाही, खाली नाही, वर नाही, आणि तरीही पान पिवळे आहे, अशा वेळी काय करावे? आता दुसरा प्रश्न विचारावयाचा: पिवळी झालेली पाने जुनी आहेत, की नवी?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु तो फार महत्त्वाचा आहे. घरात धान्य कमी पडले म्हणजे आई आपल्या ताटातली भाकरी मुलांच्या ताटात वाढते. झाडही तसेच वागते. नत्र किंवा मॅग्नेशियम ही द्रव्ये कमी पडू लागली की जुनी पाने आपल्याजवळचा साठा नव्या पानांकडे पाठवितात आणि स्वतः पिवळी पडतात. म्हणून जुने पान सर्वत्र सारखेच फिकट झाले असेल, तर नत्राची उणीव समजावी. जुने पान कडांकडून पिवळे होत आले असून देठाजवळ मात्र हिरव्या रंगाची पाचर उरली असेल, तर मॅग्नेशियमची. हरितद्रव्याच्या प्रत्येक कणाच्या गाभ्यात मॅग्नेशियम असते. त्यामुळे त्याची उणीव पानाला लगेच जाणवते.

लोह आणि जस्त यांची गोष्ट वेगळी. एकदा पानात जाऊन बसल्यावर ती द्रव्ये सहसा जागा सोडीत नाहीत. आईच्या ताटातली भाकरी उचलताच येत नाही, असे समजा. मग उपाशी राहतात ती मुले, म्हणजे कोवळी पाने. फांदीची खालची पाने हिरवी आहेत, पण शेंड्याची नवी पाने पिवळी आहेत आणि त्या पिवळ्या पटावर शिरांची जाळी मात्र बारीक कशिद्यासारखी हिरवी उठून दिसते आहे, असे दिसले तर लोहाची उणीव ओळखावी. नवी पाने लहान, अरुंद, टोकदार आणि दाटीने आली असून शिरांच्या मधल्या भागात पिवळे डाग असतील, तर जस्ताची.

लोहाची ही उणीव प्रथम सिद्ध केली ती फ्रान्समधील यूसेब ग्री याने, १८४३-४४च्या सुमारास. त्याने पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि काही दिवसांतच ती पाने हिरवी झालेली पाहिली. तर्क करीत बसण्यापेक्षा पानालाच विचारण्याची ही रीत मला फार आवडते. तुम्हीही ती करून पाहू शकता. वडील माणसांच्या मदतीने लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवा. कुंचल्याने ते पाणी एका पिवळ्या कोवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर लावा आणि दुसरा अर्धा भाग तसाच सोडा. आठपंधरा दिवसांनी लावलेला भाग हिरवा होऊ लागला, तर पानाने उत्तर दिले असे समजावे.

मात्र उत्तरही तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील फळझाडांची पाने बारीक राहण्याचा एक रोग होता. झाडांच्या बुडाशी पुष्कळ हिराकस घातले तर काही झाडे सुधारत. अर्थातच लोहाची उणीव, असे कोणीही म्हणेल. पण शुद्ध हिराकस वापरले की गुण येत नसे! १९३२च्या सुमारास चँडलर, होगलंड आणि हिबार्ड या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. बाजारातील हिराकस अशुद्ध होते, त्यात जस्ताची भेसळ होती, आणि गुण येत होता तो त्या भेसळीचा.

आपल्या नागपूरकडे लोहाची उणीव पाहून एक कोडे पडते. विदर्भाची काळी माती बहुतांशी काळ्या दगडाच्या झिजेतून बनलेली आहे आणि त्या दगडात लोहाचे प्रमाण भरपूर असते. मग लोहाच्या राशीवर उभे राहून झाड लोहासाठी उपाशी का? कारण या मातीत चुनखडीही आहे. ओल्या मातीत पांढरे खडे दिसतात, ते तिचेच. त्यांवर लिंबाचा रस पिळून पाहा. बारीक फेस येईल. चुनखडीमुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह गंजासारखे घट्ट होऊन बसते. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते मुळांना पिता येत नाही. कोठार धान्याने भरलेले आहे, पण त्याला कुलूप आहे! अशा मातीत मुठीने हिराकस टाकले तरी तेही थोड्याच दिवसांत कुलपाआड जाते. घराच्या भिंतीलगत, जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा राडारोडा पुरलेल्या जागी झाड लावले, तर हा त्रास आणखी वाढतो.

तिसरा प्रश्न भयंकर आहे. पान मधल्या शिरेवर दुमडा आणि दोन्ही अर्ध्या भागांवरचे पिवळे डाग जुळतात का ते पाहा. अन्नद्रव्याची उणीव न्यायी असते. ती दोन्ही बाजूंना सारखीच जाणवते. डाव्या बाजूचा डाग उजव्या बाजूच्या डागाशी जुळत नाही, एकीकडे हिरवे तर दुसरीकडे पिवळे, असे ठिगळ लावल्यासारखे पान दिसले, आणि तेही झाडाच्या एखाद्याच फांदीवर, तर सावध व्हावे. तो 'ग्रीनिंग' नावाचा रोग असू शकतो. त्याची फळे लहान, एका अंगाला कललेली राहतात आणि पिकली तरी खालच्या बाजूने हिरवीच असतात. त्यावरूनच हे नाव पडले.

वरवर पाहणाऱ्याला हा रोग जस्ताच्या उणिवेसारखा दिसतो, आणि या सारखेपणाने जाणत्यांनाही चकविले आहे. दक्षिण आफ्रिकेत १९२९च्या सुमारास तो दिसू लागला तेव्हा त्याचा दोष जमिनीतील खनिजांवर ठेवण्यात आला. चीनमध्ये लिन कुंग-श्यांग या शास्त्रज्ञाने रोगी झाडाचे डोळे निरोगी झाडांवर बांधून पाहिले. निरोगी झाडेही आजारी पडली. जमिनीचा दोष कलमातून कसा जाईल? हा संसर्गच असला पाहिजे, असे त्याने १९५६ साली मांडले. १९६५ साली दक्षिण आफ्रिकेतही हेच सिद्ध झाले. भारतात हा रोग 'सायला' नावाचा एक चिमुकला किडा पसरवितो, हे १९६७ साली कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ते पुण्यात संशोधन करीत होते. पुढे १९७० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या रसवाहिन्यांत रोगजंतू दिसले. कोवळ्या शेंड्यावर शेपटाकडचा भाग वर उचलून बसलेला, तिळाएवढा तपकिरी किडा दिसला, तर तो सायला असण्याचा संभव फार. परसातल्या कढीलिंबावरही तो असतो, म्हणून त्याही झाडाचे शेंडे पाहावेत.

या रोगावर आजही खात्रीचे औषध नाही. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात तो २००५ साली सापडला. हा रोग आणि त्यात भर घालणारी वादळे यांमुळे वीस वर्षांच्या आत तेथील संत्र्यांचे उत्पन्न दहा भागांतून जेमतेम एका भागावर आले. म्हणून अशी शंका आली तर स्वतःच निकाल देऊ नये. नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. अशा संस्थेतील तज्ज्ञ प्रयोगशाळेत पान तपासून खात्रीने सांगू शकतात. रोग ठरलाच, तर झाड काढून टाकावे लागते. वाईट वाटते, पण एका झाडापायी आळीतील सारी झाडे धोक्यात घालणे बरे नव्हे.

सुदैवाने परसातल्या पिवळ्या झाडाचे कारण बहुधा इतके भयंकर नसते. ते पुष्कळदा पायाखालीच असते, आणि तिकडे पाहावयाचे मात्र राहून जाते.

आपल्याकडे घराच्या मोरीचे पाणी झाडांना सोडण्याची चाल आहे. पाणी वाया जाऊ नये हा विचार योग्यच आहे. केळीला आणि अळूला ते मानवते. संत्र्याला मात्र मानवत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. काळी माती आधीच पाणी धरून ठेवणारी. त्यात सकाळसंध्याकाळ मोरीचे पाणी येत राहिले की मातीतील हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. साबणाच्या पाण्याने मातीचा अल्कधर्म वाढतो, तो वेगळाच. मग बारीक मुळे कुजतात. मुळे कुजली की झाडाला पाणी पिता येत नाही आणि पाने मलूल होतात. ती मलूल पाने पाहून काका म्हणतात, पाणी कमी पडते आहे! आणि झाडाला आणखी दोन बादल्या पाणी मिळते. परसातली कित्येक संत्री याच मायेने मेली आहेत.

म्हणून चौथी गोष्ट करावयाची ती अशी. खोडापासून हातभर अंतरावर वीतभर खोल खणून माती हातात घ्या. पाणी देऊन आठ दिवस झाले तरी माती चिखलासारखी असेल, तिला कुजट वास येत असेल, तर कारण सापडले. चुनखडीच्या जमिनीत असा ओलावा राहिला की लोहाचे कुलूप अधिकच घट्ट होते. त्यामुळे वर नव्या पानांवर दिसते लोहाची उणीव, आणि खाली दोष असतो पाण्याचा! अशा झाडाला हिराकस फवारून तात्पुरता रंग येतो. दुखणे जात नाही.

मग खोडाकडेही पाहावे. जमिनीजवळच्या सालीतून तपकिरी डिंक पाझरत असेल, साल मऊ होऊन सुटत असेल, तर तो 'डिंक्या' रोग. तो ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीसारख्या जंतूमुळे होतो. या रोगाच्या पानांची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोहाच्या उणिवेत पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतात; येथे अनेकदा त्याच्या अगदी उलट, म्हणजे शिरा पिवळ्या आणि उरलेले पान त्यामानाने हिरवे असते. कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून तेथे बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना निरनिराळ्या भांड्यांत, मिळून दहा लिटर पाण्यात कालवून ते तयार करतात. भांडी धातूची नसावीत. मोरचूद विषारी असते, तेव्हा हे काम मोठ्या माणसांनीच करावे. या मलमाची जन्मकथा मजेदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात मारू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना यांचा निळसर रंग फासून ठेवीत. रोगाने आतल्या वेली निष्पर्ण झाल्या, तरी त्या फासलेल्या वेली हिरव्याच राहिल्या. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे १८८२ साली पाहिले, प्रयोग केले आणि १८८५ साली जगाला हे औषध दिले.

मोरीचे पाणी दुसरीकडे वळवावे. खोडाभोवती मातीचा उंचवटा करून त्याच्या बाहेर बांगडीसारखे गोल आळे करावे, म्हणजे पाणी बारीक मुळांना मिळते आणि खोडाला लागत नाही. कलमाचा जोड मातीखाली गाडला गेला असेल तर माती ओढून तो उघडा करावा. विदर्भातील बागाईतदार बहार धरण्याआधी झाडाला मुद्दाम काही दिवस पाणी देत नाहीत. त्याला ताण देणे म्हणतात. संत्र्याच्या झाडाला थोडी तहान सोसते, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे.

एवढे केल्यावर झाड दुसऱ्या दिवशी हिरवे होईल अशी अपेक्षा करू नका. फार पिवळी झालेली जुनी पाने पुन्हा पूर्ववत होत नाहीत. ती गळूनच जातात आणि काही दिवस झाड पूर्वीपेक्षाही उघडे दिसते. धीर सुटतो तो याच वेळी. त्या दिवसांत त्याला काहीएक नवे औषध घालू नये. आंबिया बहाराच्या वेळी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, नवी पालवी फुटते. त्यातले एक कोवळे पान निवडून त्याच्या फांदीला दोरा बांधून ठेवावा आणि दर आठवड्याला ते पाहून वहीत टिपून ठेवावे. महिन्याभराने त्या पानाचा हिरवा रंग शिरांपासून कडांपर्यंत सारखा पसरलेला दिसला, की मुळे पुन्हा श्वास घेऊ लागली असे समजावे.

अभ्यास

१. 'लोहाच्या राशीवर उभे राहून झाड लोहासाठी उपाशी का?' या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.
२. काकांचा सल्ला ऐकल्यामुळे झाडाचे नुकसान कसे झाले असते?
३. परसातील किंवा शाळेच्या आवारातील लिंबाच्या कुळातील एका झाडाची पाच पाने निवडा. प्रत्येक पान जुने आहे की नवे, त्याचे दोन्ही अर्धे भाग सारखे आहेत की नाहीत आणि त्याच्या खालच्या बाजूस काय दिसते, ते पाहून टिपण करा.